डालग्याखालची कोंबडी

माझ्या कपाटात लग्नाच्या शालूखाली एक वही आहे. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. ती तिथे आहे हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्या वकीलसाहेबांकडे मी अकरा वर्षं टायपिंग केलं त्यांना तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे हे तोंडातून निघत नाही. बहिणीला सांगायला दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा मध्येच चहा टाकायला उठले.

माझं सासर पोलादपूरला, आंबेनळी घाटाकडे रस्ता वळतो तिथून जवळच. नोकरी महाडात. एसटी स्टँडच्या मागे, मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या — मुंबईच्या एका वकिली कंपनीने त्या भाड्याने घेतल्या होत्या. कशासाठी, तर महाडजवळच्या एका कारखान्यातून एके सकाळी वायू सुटला आणि नाल्यापलीकडची अख्खी वाडी खोकत बसली, त्यांचे दावे एकत्र चालवायला. कारखाना कुठला ते सांगत नाही. त्यांचं पाप त्यांच्यापाशी. मी माझं सांगायला बसले आहे.

वाडीतल्या लोकांचे दोन भाग पडले होते. काहीजण त्याच दिवशी गाडीत बसून इस्पितळात गेले, त्यांच्याकडे केसपेपर होते. बाकीचे गेलेच नाहीत. कुणाच्या घरी अंथरुणावरचं म्हातारं माणूस होतं, कुणाला गाडीत जागा मिळाली नाही. पुढे छाती भरून यायला लागली तेव्हा हे लोक जवळच्या सव गावाला गेले. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ घेतली की श्वास मोकळा होतो, असं सगळेच म्हणतात. पण कुंड काही केसपेपर देत नाही. तेव्हा या माणसांकडे कोर्टात दाखवायला एकच गोष्ट होती — त्यांचा शब्द. तो शब्द प्रतिज्ञापत्रात उतरवायचं काम माझं. समोर बसवायचं, ऐकायचं, वहीत लिहायचं, मग कॉम्प्युटरवर टाइप करून सही-अंगठा घ्यायचा.

पहिल्या दिवशी पहिली आली ती सरूकाकी. पन्नाशी उलटलेली, मुलगा मुंबईला कामाला, घरात ती आणि तिची आंधळी सासू. सासूला टाकून गाडीत कशी बसणार? म्हणून कागद नाही. काकी बोलायला लागली आणि मी लिहायला लागले. भाताची लावणी उरकली होती. काकीने अंगणात कोंबडी पिल्लांसकट डालग्याखाली झाकली होती — डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथी घालायची. मग तो वास आला, डोळे झोंबले, ती सासूला घेऊन आत पडून राहिली, तोंडावर ओली चिंधी धरून. दुपारी बाहेर येऊन डालगं उचललं तर कोंबडी पिल्लांवर पंख पसरून तशीच बसलेली. बसल्या जागी मेलेली. एवढं सांगून काकी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. मग तिने आणखी एक वाक्य सांगितलं. तेही मी वहीत लिहिलं. त्या वाक्याकडे मी येते — जरा थांबा, एकदम जमत नाही.

ते प्रतिज्ञापत्र मुंबईला गेलं आणि साहेबांचा फोन आला. म्हणाले, वाचून अंगावर काटा आला, असं लिहिणारं माणूस तालुक्याच्या गावात मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या लिहिण्याचं कौतुक उभ्या जन्मात कुणी केलं नव्हतं हो. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले ती चढलेच. वर साहेब म्हणाले, हाच नमुना धरा. नमुना म्हणजे मांडणी — नाव, वय, घर, काय झालं, या क्रमाने. कोंबडी सगळ्यांच्या दारात नेऊन ठेवा, असं ते म्हणाले नव्हते. ती मी नेली.

कशी नेली? फार सोपं होतं. कोर्टाची तारीख आठ दिवसांवर, बाकावर माणसं रांग लावून बसलेली, आणि एकेक जण सांगणार काय, तर "खोकला आला, डोळं सुजलं, बास." त्यात काटा कुठून येणार? कॉम्प्युटरवर काकीचं पान उघडंच होतं. नाव बदललं, वय बदललं, घर क्रमांक बदलला, कोंबडी राहू दिली. मनाला म्हटलं, आपण यांचं भलंच करतोय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — मला ते पान आवडलं होतं. माझं म्हणून आवडलं होतं. लोकांना वाचून दाखवताना मी तो परिच्छेद भरभर गिळायची. त्यांनी विचारलं नाही. "तू लिवलंस म्हंजे बराबरच असंल गो बाय," म्हणायचे आणि अंगठा पुढे करायचे.

वर्षं गेली. दावे कोर्टात हळूहळू सरकले, अर्धीअधिक माणसं खोकत खोकत तारखांना येत राहिली. मग एकदाची उलटतपासणी सुरू झाली आणि पिंजऱ्यात उभे राहिले कागद नसलेल्यांपैकी धोंडूबुवा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. समोरच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, बुवा, तुमच्याकडे कोंबड्या किती? बुवा दचकले. "नाय साहेब, माळ हाय गळ्यात. माज्या दारात कोंबडी येत नाय." मग वकिलांनी त्यांचंच प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं. डालगं, पंख, पिल्लं, सगळं. बाकांवर हशा पिकला. मी मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसले होते. आणि मी — मीही हसले. भीतीने असेल, पण हसले. बुवांनी ते पाहिलं.

पुढच्या तारखेला काकी होती. तिने तोंड उघडायच्या आत वकिलांनी कोंबडीची गोष्ट वाचून टाकली. काकी म्हणाली, "ती माजीच कोंबडी व्हती." वकील म्हणाले, बाई, अख्ख्या वाडीत एकच कोंबडी होती का? पुन्हा हशा. काकी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी. धाप लागलेली. मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, "एक पिल्लू जितं व्हतं! पंखाखाली व्हतं. मी त्याला लुगड्याच्या वट्यात घेतलं."

वकिलांनी तिच्या प्रतिज्ञापत्राची पानं सावकाश उलटली. हे इथे कुठेच नाही, म्हणाले. हे आज सुचलं का?

काकीने वळून माझ्याकडे पाहिलं.

तिने मला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. वहीच्या पहिल्या पानावर, माझ्याच अक्षरात आहे ते — सरूकाकीचं नाव, वरती तारीख, आणि शेवटचं वाक्य: एक पिल्लू पंखाखाली जिवंत होतं. टाइप करताना मी ते गाळलं. का गाळलं, सांगू? पिल्लू जगलं म्हटल्यावर पानाचा जोर उतरतो, असं मला वाटलं. मेलेल्या कोंबडीवर संपलं तर जास्त बरं दिसतं. दिसण्यासाठी गाळलं. ज्या एका वाक्यावरून गोष्ट कुणाची हे कळलं असतं, तेच वाक्य काकीच्या तोंडचं खोटं ठरलं.

वही ऑफिसात होती. कोर्टापासून पाच मिनिटांच्या वाटेवर. मी उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की बाई खरं बोलते आहे, चूक माझी आहे. मी फायलीची नाडी सोडली, परत बांधली. पुन्हा सोडली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बाहेर व्हरांड्यात साहेब मुंबईहून आलेले, लालबुंद. हे सगळ्यांच्यात आलं कसं, म्हणून त्यांनी मला विचारलं. आणि मी म्हणाले — किती पटकन म्हणाले, अजून नवल वाटतं — की काकीच वाडीभर ते सांगत फिरायची, लोकांनी तिचं ऐकून उचललं असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांनी मान हलवली आणि पायरीवर बसलेल्या वाडीच्या लोकांना तेच संतापून सांगितलं. काकी कोर्टातून बाहेर येईपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं. तिच्यासोबत आलेली माणसं टेम्पोत बसून तिच्याशिवाय निघून गेली.

निकाल लागला. केसपेपरवाल्यांना भरपाई मिळाली. बाकीच्यांच्या जबान्या पढवलेल्या आहेत, विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत, असं निकालपत्रात आलं. ते पानही मीच फाइलला लावलं. वाडीत सगळे म्हणायला लागले की सरूने पढवलं आणि सरूने बुडवलं. आमच्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. काकीच्या शेतात त्या वर्षी कुणी उतरलं नाही. तिचा अर्धा आवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, वाफ्यातच पिवळा पडला. हे मला बाजारात एका बाईने भाजी निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, अरेरे.

अपिलाचा विचार चालू होता तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, लोकांनी सांगितलेलं तू हाताने उतरवून घ्यायचीस ना, ती वही आहे का? मी म्हटलं, खोल्या रिकाम्या करताना रद्दीत गेली. वही तेव्हाच शालूखाली होती. अपील झालं नाही.

काकीला मी शेवटचं सवला पाहिलं. माझे गुडघे दुखतात म्हणून गेले होते, आणि ती कुंडाच्या काठावर वाफेत बसलेली, निम्मी झालेली. मी मागच्या मागे निघणार होते, पण तिने हाक मारली. जवळ बसवून घेतलं. श्वासागणिक तिची छाती वाजत होती. मग म्हणाली, "बाय, तुज्याकं ती निळी वही व्हती ना गो?"

मी म्हटलं, गेली काकी. रद्दीत गेली.

"जाऊं दे," ती म्हणाली. "कुनाला खरा वाटत नाय तर नाय. तुला ठाव हाय ना? तेवढा बास." मग तिने पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली दोन अंडी माझ्या हातात ठेवली. "त्या पिल्लाची पिल्लं हायत अजून माज्या दारात. पोरीला दे."

तिला कळलं होतं का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. कळलं असतं तर अंडी दिली असती का — की म्हणूनच दिली? ती पुढच्या पावसाळ्यात गेली. तिच्या दिवसकार्याला मी गेले नाही. शेजारच्या अंगणात कुणी कोंबडी झाकली आणि आतून आवाज येईनासा झाला की मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहते, अजून.

वही मी अधूनमधून काढते. पहिलं पान वाचते, शेवटचं वाक्य वाचते, परत ठेवते. कुठेतरी नेऊन देता आली असती. दिली नाही.

आणि ती अंडी — ती मी घेतली. घरी आणली, कांदा घालून पोळी केली. मुलीला अर्धी दिली, अर्धी मी खाल्ली.