क्रांतीचा चिटबॉय

मी पीरमहंमद, रहिमतपूरचा. स्पीकर आन् लायटीचं काम माझं. आसपासच्या जत्रांत आरतीपासनं कुस्तीच्या पुकाऱ्यापर्यंत समदं माझ्याच कर्ण्यातनं निघतं. तवा क्रांतीबद्दल कुणी वाकडं बोलाय लागलं की माझं डोस्कं फिरतं. आधी माझ्याकडनं ऐका, मग काय तोंड वाजवायचं ते वाजवा.

शेजारच्या गावात क्रांतीची पिठाची गिरण हाय. नवरा फौजेत. गावातल्या गावातच दिलेली पोर. दळण घालायचं, पट्टा चालू करायचा आन् त्या खडखडाटात एकटीनंच मोठमोठ्यानं बोलत ऱ्हायचं, ही तिची रीत. परक्या माणसाला वाटायचं, बाई डोक्यावर पडलीया का काय. ती नाटकातलं बोलणं म्हणून बगत असायची. भैरोबाच्या जत्रंत गावचं नाटक व्हतं, ते गेली काही वर्सं तीच लिवती. सासूसुनंचं लिवलं, फौजीच्या बायकूचं लिवलं, गावानं डोक्यावर घेतलं. औंदा मातुर तिनं चिटबॉय लिवला.

चिटबॉय म्हंजी साखर कारखान्याचा माणूस. कुणाचा ऊस आधी तुटायचा आन् कुणाचा फडात वाळायचा, ते त्येच्या हातात. म्हणून त्यो दारात आला की घरोघर चहाचं आधण. क्रांतीचा चिटबॉय देखणा, बोलका, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. पोरीच्या बापाचा ऊस पैला तोडून देतो, पोरीला लग्नाचा शब्द देतो, आन् एक दिवस पानाच्या टपरीवर हसत सांगतो की तीच माझ्या मागं लागलीया. पोरीचं दुसरीकडं जमलेलं लग्न मोडतं. ह्यो गाडीला किक मारून दुसऱ्या दारात.

आता हे कुणाचं, ते गावातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं. क्रांतीची थोरली भन शालन. तवाचा चिटबॉय जयसिंगतात्या, आता डेअरीचा चेअरमन. पांढरी कापडं, जत्रंत मानाचा नारळ त्येच्याच हातनं. आपण शालनला कसला शब्दच दिला न्हवता, असं त्यो सांगत आला आन् गाव मान डोलवत आलं. शालन गेली माधवनगरला, सुताच्या कामावर.

जत्रंला समद्या माहेरवाशिणी येत्यात, जोगूबाई देवीची ओटी भरत्यात. शालनला बोलावणं नसायचं. एकदा आपणहून आली. तर देवळात बायकांची म्होरकी भामाबाई, तिनं चारचौघीत इचारलं की तुझ्या हातची ओटी देवीला चालंल का गं. शालन भरलेलं ताट घिऊन माघारी फिरली. पुन्ना आली न्हाई. क्रांतीला दुसरं काय नको व्हतं. भनीनं मान वर करून ओटी भरावी, येवढंच.

तालमी सुरू झाल्या आन् जत्रा कमिटीचा अध्यक्ष भाऊसो आडवा आला. त्येचं म्हणणं, चिटबॉयला पैल्या अंकातच दारू पाजा, भडक मिशा लावा, म्हंजी त्यो वाईट हाय हे लोकांना कळंल. आन् शेवटाला त्येला गावानं बडवावा, त्येनं पोरीच्या पायावर डोकं ठेवावं. देवाच्या जत्रंत पाप जिंकलेलं चालायचं न्हाई.

क्रांती म्हणाली, "आवं भाऊसोदादा, पैल्याच अंकात त्यो दारुडा दिसला, तर फसणारी पोर येडीच ठरंल की. त्यो गोड वाटला पायजे. समोर बसल्याली परत्येक आई म्हणाली पायजे, माझ्या लेकीला असाच मिळू दे. मग कळंल तुमास्नी, माझी भन कशी फसली ती."

"आन् शेवट?"

"खऱ्याला कुणी बडवला? मग खोट्याला बडवून कुणाचं समाधान करू?"

भाऊसो म्हणाला, मग नाटकच न्हाई. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, मी गिरणीम्होरं करीन, पीरूभाई स्पीकर लावत्याल. मला कुणी इचारलं बी न्हवतं, पर मी मान हलवली. मग तोड निघाली. नाटकात चिटबॉय भैरोबाचा बेलभंडारा उचलून लग्नाची आण घेत व्हता. भाऊसो म्हणाला, खोट्या शपथंला देवाचं नाव नको. क्रांतीनं तितं आईची शपथ घातली. तेवढं एकच तिनं ऐकलं.

जत्रंदिवशी तिनं माधवनगरला फोनावर फोन करून शालनला आणली. बायकांत, पार मागं, पदर तोंडावर घिऊन शालन बसली. आता दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सातलाच पडदा उघडला.

यशराज नावाचं पोरगं चिटबॉय झालं व्हतं. काय केलं म्हणता त्या पोरानं! म्हाताऱ्या बी लाजत व्हत्या. आमच्याकडं आवडलं की लोकं मधीच बक्षीस पाठवत्यात आन् मी नाव पुकारतो. माझा घसा बसायची वेळ आली. मग टपरीचा प्रवेश आला. तोच गोड आवाज, तेच हसणं, आन् पोरीची अब्रू चुन्यासारखी पानाला लावली त्येनं. मघाशी टाळ्या वाजवल्याल्या बायका एकमेकींकडं बगाय लागल्या.

आन् तवा जयसिंगतात्या उठला. हातात फेटा. मला वाटलं, आता राडा करतोय. राडा कसला, गडी खूश झाल्याला! चढला स्टेजवर, यशराजला सवताच्या हातानं फेटा बांधला आन् माझ्याकडनं माईक घेतला.

"वा रं पठ्ठ्या! आमचं तरणेपण आठवलं. फकस्त एक चुकलं बग. आईच्या शपथंवर कोण भुलतंय? आमी भैरोबाचा बेलभंडारा उचलला व्हता. क्रांते, तेवढं दुरुस्त कर."

आन् टाळ्यांची वाट बगत हसत उभा ऱ्हायला. मला आवाज बारीक करता आला असता. मी वाढवला. सांगायला मला काय लाज न्हाई.

मी मुसलमान. पर भैरोबाचा भंडारा उचलून शब्द मोडायची माझी बी छाती न्हाई. कवा शब्दच दिला न्हवता म्हणणारा माणूस, भैरोबाच्या जत्रंत, भैरोबाच्या म्होरं, कर्ण्यावरनं सांगत व्हता की दिला व्हता, त्यो बी भंडारा उचलून. एक टाळी पडली न्हाई. त्येला तरीबी काय कळलं नसावं. त्येला वाटलं, लोकं ऐकण्यात गुंगल्यात.

भाऊसो घामाघूम हून पडद्यामागं पळाला. आता तरी शेवट बदल, क्रांते, आता बडव त्येला, लोकं पेटल्यात, म्हणाय लागला. क्रांती म्हणाली, "न्हाई. तुमी बडवला म्हंजी तुमी मोकळं व्हणार. मोकळं हून घरी जायचं न्हाई कुणी." यशराजनं लिवल्यासारखाच शेवट केला. दुसऱ्या दारात गेला, "चहा टाका वैनी" म्हणाला आन् पडदा पडला.

जयसिंगतात्याला काय झालं, इचारत्यात लोकं. काय न्हाई झालं. सकाळी पांढरी कापडं घालून डेअरीवर गेला. मग नाटकाचा फायदा काय, म्हणत्यात. असलं इचारणाऱ्याच्या कानफटात द्यावी वाटती मला.

त्याच सकाळी मी देवळाम्होरचं कर्णं उतरवत व्हतो. बायकांची रांग पार पिंपळापत्तोर. शालन आली. तोंडावर पदर न्हवता. हातात ताट, शेजारी क्रांती, केसांत पीठ तसंच. रांग आपणहून बाजूला झाली. भामाबाईनं पुढं हून तिचा हात धरला आन् डोळ्याला पदर लावत म्हणाली, "ये बाई. झालं गेलं इसरून जा."

शालननं हात सोडवून घेतला. देवीम्होरं बसली, सावकाश ओटी भरली, कुंकू लावलं. मग उठली आन् भामाबाईकडं बगून म्हणाली,

"मी इसराय आले न्हाई, काकी. आन् आता दर वर्साला येणार हाय."