घड्याळ घेतल्यानंतरची एकोणीस मिनिटं

मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर मंगळवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी पोलिसांच्या जीपची मागची काच फुटली. दगड मारल्याच्या संशयावरून एका शिक्षकाला ताब्यात घेण्यात आलं. महामार्गाखालून भुयारी रस्ता हवा, या मागणीसाठी तिथं सर्वपक्षीय रास्ता रोको सुरू होता. एका स्थानिक वाहिनीचा कॅमेरामन म्हणून मी हजर होतो. काच फुटली तेव्हा माझा कॅमेरा ढाब्याच्या कट्ट्यावर होता आणि मी आत चहा पीत होतो.

बंदोबस्ताला जे जमादार होते, त्यांची माझी ओळख आंदोलनांतलीच. घाटनांदूरच्या एका मोर्चात त्यांनी पहिल्यांदा माझ्या लेन्सवर तळहात ठेवला होता. "काहून काढतो? कोणाला दाखवायचं?" त्या मोर्चात धक्काबुक्की झाली आणि पुढं चौकशी लागली. त्यांच्या नोंदीतली वेळ आणि माझ्या चित्रणातली वेळ सात मिनिटांनी वेगळी निघाली. दोघांनाही खेटे घालावे लागले. त्यानंतर त्यांनी एक रीत पाडली. आंदोलन सुरू होण्याआधी ते कॅमेऱ्यासमोर यायचे, बाही वर करायचे आणि मनगट लेन्ससमोर धरायचे. "घे घड्याळ." मी पाच सेकंद चित्रण करायचो. त्या दिवसाची त्यांची नोंद आणि माझं फुटेज एकाच घड्याळावर चालायचं.

दुसऱ्या ठिकाणी पोलिसांनी माझ्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढून घेतलंय. एकदा ते चार दिवसांनी परत मिळालं, कोरं. या जमादारांनी इतक्या वर्षांत काही पुसायला सांगितलं नाही आणि काही मागितलंही नाही. एका रेटारेटीत ते माझ्याकडे पाठ करून ट्रायपॉडसमोर उभे राहिले होते. गर्दी त्यांच्या अंगावर आली, कॅमेरा हलला नाही.

मंगळवारी त्यांनी दहा बावन्नला मनगट धरलं. रस्त्यावर बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "पोलिसाचं घड्याळ काढतो बे ह्यो! लग्नाची शूटिंग सोडली काय?"

"तुमची बी काढतोय की," जमादार म्हणाले. "मिशीला फणी मारा जरा. टीव्हीवर दिसताल."

माणसं हसली. मी बटण दाबलं, कॅमेरा कट्ट्यावर ठेवला आणि चहाला गेलो.

आंदोलकांनी रस्त्यात एक ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी लावली होती. तिच्यात मंडपाचे लोखंडी पाइप होते. आवाज ऐकून मी बाहेर धावलो तेव्हा दोन शिपायांनी शिक्षकाचे दंड धरले होते. जमादार ठाणेदार साहेबांना सांगत होते, "यांनी हात उचलला अन् काच फुटली. मी पाहिलं." मी तिथून पुढचं सगळं चित्रित केलं. काच फुटतानाचं माझ्याकडं काही नव्हतं. तसं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

दुपारी एकला साहेबांची प्रतिक्रिया घ्यायला ठाण्यात गेलो. शिक्षक बाकावर बसले होते. शर्टाच्या खिशात शाळेचं ओळखपत्र होतं. मला पाहून ते उठले.

"मी थांबा म्हणायला हात केला हो. गुन्हा दाखल झाला की संस्था निलंबित करणार. सांगा ना तुम्ही, तुमच्याकडं असंल."

"न्हाई सर. मी चहाला गेलतो."

ते खाली बसले. तक्रारीचा मजकूर आत लिहिला जात होता. जमादार दारातून हे ऐकत होते. ते आत गेले, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आले आणि मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले.

"घड्याळ घेतलंस, त्यानंतर बंद केलंस का?"

"केलं की."

"बघ बरं. जीप मागं घेताना मला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसलता."

मी कॅमेरा उघडला. सकाळची पहिली फाइल पाच सेकंदांची असायला हवी होती. ती एकोणीस मिनिटांची होती. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. काच फुटल्यावर पाचेक मिनिटांनी गर्दीतून वाट काढत कॅमेरा उचलला आणि गडबडीत दोनदा बटण दाबलं, तेव्हा कुठं ती फाइल थांबून नवी सुरू झाली होती.

आम्ही उभ्यानंच पाहिलं. आधी त्यांचं मनगट. मग आडवा झालेला रस्ता, पाय, घोषणा. चौदाव्या मिनिटाला जीप मागं येते. जमादार बाजूला उभे आहेत, ट्रॉलीकडे पाठ, तोंड जमावाकडे. हातानं इशारा चालू आहे. "येऊ दे, येऊ दे." शिक्षक पलीकडून हात वर करून धावतात, "थांबा! पाइप हाय, पाइप!" ट्रॉलीबाहेर आलेला पाइप काचेत जातो. शिक्षकांचा हात रिकामा आहे.

जमादारांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मी कार्डाच्या झाकणावर बोट ठेवून होतो. ते त्यांना दिसलं.

"कार्ड तुझ्या खिशात राहू दे. साहेबांना कॉपी दे. चल."

साहेबांनी ते तीनदा पाहिलं. "जमादार, आवाज तुमचा हाय."

"माझाच हाय, साहेब."

"तुम्ही तर म्हणाला, हात उचलला."

"उचललाच व्हता. रिकामा व्हता, ते मी न्हाई पाहिलं. न पाहता बोललो."

साहेबांनी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला. जमादारांनी नोंदवही ओढून घेतली आणि नोंद स्वतः लिहिली. त्यांनी ती मला वाचून दाखवली, वेळ बरोबर आहे का एवढंच विचारायला. "काच पाइप लागून फुटली. जीप मागे घेण्याचा इशारा मी करत होतो. माझे लक्ष जमावाकडे होते." चालकाचा उल्लेख एकदाच होता: त्याने इशाऱ्याप्रमाणे वाहन मागे घेतले.

"अकरा सहा," मी म्हणालो. "बरोबर."

बाहेर येऊन ते शिक्षकांसमोर उभे राहिले. "सर, चुकलं माझं. जावा घरी."

शिक्षकांनी विचारलं, "उद्या शाळेत जाऊ ना?"

"जावा की. पोरं वाट बघत असतील."

शिक्षक तीन वाजून वीस मिनिटांनी ठाण्याबाहेर पडले. बुधवारी त्यांनी पहिला तास घेतला. मुख्याध्यापकांनी फोनवर याला दुजोरा दिला. जमादारांना शुक्रवारी कारणे दाखवा नोटीस मिळाली.

पुढच्या आठवड्यात युसूफ वडगावला मोर्चा होता. जमादार बंदोबस्ताला होते. कॅमेऱ्यासमोर येऊन त्यांनी बाही वर केली. घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती.