तिसऱ्या गटातला चार नंबर

संशोधन केंद्राच्या शेतावर तिला सगळे पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. एकवीस वर्षं ती मक्याच्या विभागात शेतसहायक होती, पण या एकवीस वर्षांत तिने झाडाची उंची नजरेने सांगितलेली कुणी ऐकली नव्हती. झाड समोर उभं असलं तरी टेप लागायचाच. नवा आलेला एखादा अधिकारी म्हणायचा, “साधारण सहा फूट लिहून टाका की.” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. “साधारण लिहायला मी कशाला हवी? ते तुम्हालाही जमेल.”

त्या हंगामात मधुमक्याच्या, म्हणजे स्वीट कॉर्नच्या, नऊ जातींची तुलना लावायची होती. एकाच शेतात तीन गट, प्रत्येक गटात नऊ प्लॉट, प्रत्येक प्लॉटात एक जात. तिन्ही गटांत जातींचा क्रम वेगळा, म्हणजे एखादीला तिन्ही वेळा सुपीकच तुकडा मिळाला असं होऊ नये. जातींना नावं नव्हती, नुसते एक ते नऊ आकडे. आकड्यांमागची नावं कपाटात कुलूपबंद. तरी चार नंबर ही विभागाच्या डॉक्टरांनी स्वतः नऊ वर्षं खपून तयार केलेली जात आहे, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत होतं.

डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस सरळ, पण मक्याचा विषय निघाला की चहा गार होईस्तोवर बोलणारा. पहिल्या दोन गटांत चार नंबर बेताचाच वाढला. डॉक्टर तिथून जाताना उगाच घड्याळ बघायचे. तिसऱ्या गटात मात्र चार नंबरच्या पाटीमागे असा काही मका उठला की बघत राहावं. जाड ताटं, रुंद गर्द पानं, बहुतेक झाडांवर दोन-दोन कणसं. डॉक्टरांची पावलं तिकडेच वळायची. शेजारच्या विभागातले लोक आणून ते दाखवायचे, “जमीन मानवली की ही जात काय करते बघा!”

पेरणीला बावन्न दिवस झाले होते. कणसांना केस फुटत होते आणि कुठल्या प्लॉटात किती झाडांना फुटले याची नोंद ती सकाळी घेत होती. तिसऱ्या गटात चार नंबरपाशी आली, पेन टेकवलं आणि थांबली. कणसांचे केस गुलाबी होते.

ती तशीच वही घेऊन पहिल्या गटात गेली. तिथे चार नंबरचे केस फिकट हिरवे. दुसऱ्या गटात गेली. तिथेही हिरवेच. गुलाबी केस नऊ जातींत एकाच जातीला होते, पाच नंबरला. मग तिसऱ्या गटात पाच नंबरची पाटी कुठे? शेवटच्या टोकाला. तिथे बेताचा मका आणि त्याला फिकट हिरवे केस.

ती बांधावर बसली आणि पिशवीतून आराखडा काढला. तिसऱ्या गटाचा क्रम चारपासून सुरू होऊन पाचवर संपत होता. तिला पेरणीचा दिवस आठवला. पाट्या तिने स्वतः रस्त्याच्या बाजूने रोवल्या होत्या. मग बी टोकायला बायका आल्या तेव्हा रस्त्याकडे चिखल होता, म्हणून तीच म्हणाली होती, “विहिरीकडून धरा गं, तिकडे वाफसा चांगला आहे.” बियांची पाकिटं खोक्यात क्रमाने लावलेली. तिने पहिलं पाकीट उचललं आणि विहिरीकडच्या पहिल्या प्लॉटात दिलं. पाट्या एका टोकाकडून, बियाणं दुसऱ्या टोकाकडून. अख्खा गट उलटा पेरला गेला होता. बरोबर मधला सहा नंबर तेवढा आपल्या जागी होता, तोही नशिबाने.

चूक कुणाची, हे शोधायला लांब जायला नको होतं.

घरी गेली तर नवरा शिवणयंत्रावर कुणाचा तरी सदरा उसवत बसला होता. त्याचं शिंप्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. तिने चपलाही न काढता सांगितलं, “अहो, मी चुकले.”

त्याने चष्मा कपाळावर चढवला. “पुन्हा म्हण. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकतोय.”

“थट्टा नका करू.” आणि तिने सगळं सांगितलं.

ऐकून तो गंभीर झाला. “डॉक्टरांची जात त्यामुळे वर आली म्हणतेस. मग ते खूशच असतील. आणि आठ दिवसांवर तुमची ती जाती मान्य करणारी समिती. तुला बढतीही यंदा मिळायची आहे.”

“म्हणून मूग गिळून बसू?”

“मी तसं कुठे म्हणालो?” त्याने हातातला सदरा उलटा करून दाखवला. “बाही उलटी लावली मी. गिऱ्हाईक घालून बघेपर्यंत कळलंही नसतं. पण उसवतोय ना? तुझं उसवणं जरा मोठं आहे, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. आराखडा टेबलावर पसरला, शेजारी तिन्ही गटांतल्या कणसांच्या केसांची पुडकी उघडून ठेवली. डॉक्टरांनी बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

“पाट्या बदलू,” ते म्हणाले. “क्रम उलटा करायचा, झालं.”

“चार आणि पाच कळतात, सर. तीन आणि आठही कळतात, तुऱ्याच्या रंगावरून. पण दोन-सात आणि एक-नऊ या जोड्या शेतात सारख्याच दिसतात. उलटंच झालं असणार, पण असणार म्हणून पाटी कशी लावायची? मधे एखादं पाकीट आणखी इकडचं तिकडे झालं असेल तर?”

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. “ताई, हा गट बाद झाला तर चाचणी बाद होते. दोन गटांवर समिती काही मान्य करणार नाही. वर्ष गेलं म्हणायचं.” मग जरा हळू आवाजात, “नाहीतर हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?”

तिने केसांची पुडकी एकेक करून गुंडाळली. “सर, चूक माझी आहे. ती तुमच्या जातीच्या नावावर खपवायची नाही मला. समितीपुढे मी सांगणार. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं दिसेल, एवढंच.”

ती बाहेर आली आणि नोंदी घ्यायला पुन्हा शेतात गेली.

समिती आली त्या दिवशी डॉक्टरांनी पहिले दोन गट दाखवले आणि तिसऱ्या गटाच्या बांधावर येऊन ते थांबले. सांगायचं की नाही, याचा त्यांचा निर्णय होईना. मग तीच पुढे झाली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगून मोकळी झाली, चिखल, विहीर, पाकिटं, सगळं. समितीच्या प्रमुख एक करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या.

“आमच्या हे लक्षात आलं नसतं,” त्या म्हणाल्या. “मग सांगितलंत का?”

“उद्या या आकड्यांवर विसंबून लोक बी घेतील. त्यांनी काय पाप केलंय?”

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “त्यांनी मला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.” त्यांना हे बोलणं किती जड गेलं ते त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसत होतं.

गट तिथल्या तिथे बाद झाला. तिला लेखी ताकीद मिळेल, हेही बाईंनी तोंडावर सांगितलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, “हा गट नव्याने पेरला तर चालेल का?”

“बियाणं?”

“प्रत्येक जातीचं एका गटापुरतं जास्तीचं असतं माझ्याकडे.”

“थंडी पडायच्या आत निघेल?”

“या आठवड्यात पेरलं तर निघेल.”

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. “नऊही जाती एकाच दिवशी, एकाच तुकड्यात पेरणार असाल तर त्यांची आपापसातली तुलना खरीच राहील. पेरा.”

चार दिवसांत तुकडा तयार झाला. या वेळी तिने पाटी आणि पाकीट एकत्रच धरलं. पाटी रोवायची, आकडा मोठ्याने वाचायचा, पाकिटावरचा आकडा टोकणी करणाऱ्या बायकांतल्या थोरल्या बाईंनी वाचायचा, दोन्ही जुळले की बी. थोरल्या बाई वैतागल्या. “अगं ताई, चार आला, चार! दोघी मिळून बोंबलतोय, कावळ्यांनासुद्धा पाठ झालं असेल.” कावळ्यांना खरंच काय पाठ झालं कोण जाणे, पण कोंब वर आल्यावर ते ओळीने उपटायला लागले. मग पंधरा दिवस ती आणि थोरल्या बाई आळीपाळीने पत्र्याचा डबा वाजवत शेतात फिरल्या.

खरं घोडं अडलं ते पुढे. बाजूच्या विभागात साधा मका होता आणि तो नेमका याच वेळी तुऱ्यावर येणार होता. साध्या मक्याचा पराग मधुमक्याच्या केसांवर पडला की दाणा पिठूळ होतो, गोडी जाते. मग गोडीची तुलना कसली करायची? दुसऱ्याचा मका उपटा म्हणता येत नव्हतं. एकच मार्ग होता. प्रत्येक जातीची दहा कणसं केस बाहेर यायच्या आत कागदी पिशवीने झाकायची, त्याच जातीच्या तुऱ्यांना पिशव्या घालून पराग गोळा करायचा आणि हाताने केसांवर टाकायचा. नऊ जाती, नव्वद कणसं. तेही सकाळचं दव सुकल्यापासून ऊन तापेपर्यंतच्या दोन-तीन तासांत, रोज, दहा-बारा दिवस.

तिने पदर खोचला आणि कामाला लागली. पानांच्या कडांनी हात कापले, पराग डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. चौथ्या दिवशी मागे पाचोळा वाजला म्हणून वळून बघते तर डॉक्टर. पँट मोज्यांत खोचलेली, हातात पिशव्यांचा गठ्ठा. गेले दोन महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

“चार नंबरची किती राहिली?” त्यांनी विचारलं.

“सहा. पण तुम्ही चारला हात लावायचा नाही, सर.”

“का?”

“उद्या कुणी म्हणायला नको. तुम्ही पाच घ्या.”

डॉक्टर खो-खो हसले. “माझ्याच शेतात मला बंदी!” असं म्हणत ते पाच नंबरच्या ओळीत शिरले. त्या दिवसापासून ते रोज आले.

थंडीचे दिवस सुरू होता होता कणसं निघाली. वजनं झाली, दाण्यांच्या ओळी मोजल्या, रसाचा थेंब काचेवर टाकून गोडी मोजली. तिन्ही गटांचे आकडे एकत्र केले तेव्हा पाच नंबर वजनातही पहिला आणि गोडीतही पहिला. चार नंबर चौथा.

डॉक्टरांनी अहवाल लिहिला आणि तिला वाचायला दिला. तिसऱ्या गटाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘मानवी चुकीमुळे हा गट पुन्हा पेरण्यात आला.’

“मानवी म्हणजे कुणाची?” तिने विचारलं.

“अहो, असंच लिहितात.”

“असंच लिहितात म्हणून वाचणाऱ्याला काही कळत नाही. शेतसहायकाने पाकिटं उलट्या टोकाकडून दिली, असं लिहा. पुढच्या माणसाला काय जपायचं ते तरी समजेल.”

डॉक्टरांनी हात टेकले आणि तसं लिहिलं.

ताकीद तिच्या कागदांत लागली ती लागलीच. बढती दोन वर्षं पुढे गेली आणि तिच्याहून सहा वर्षांनी उशिरा लागलेला एकजण तिच्या आधी वरच्या खुर्चीत बसला. तिला ते लागलं. नवऱ्यापाशी एकदा ती त्यावरून रडलीही, आणि मग त्याबद्दल बोलायची बंद झाली. पाच नंबर मान्य झाला, त्याचं बी सगळीकडे जाऊ लागलं.

चार नंबर मात्र कपाटात गेला नाही. चव घ्यायला बसवलेल्या दहा जणांपैकी आठ जणांनी लिहिलं होतं की याच्या दाण्याची साल सगळ्यांत पातळ, दातांत अडकत नाही. तो कागद तिने डॉक्टरांसमोर ठेवला. पुढच्या हंगामात दोघांनी चारचा पराग पाचवर टाकला, आणि आजही त्यातून निघालेल्या चाळीस ओळी ती शेतात बघते आहे. त्यातल्या एकतीस तिने नाकारल्या आहेत. उरलेल्या नऊंची उंची ती रोज टेप लावून मोजते, आणि निवृत्त झालेले डॉक्टर आठवड्यातून एकदा फोन करून विचारतात, “साल कशी आहे?”

“अजून दाणा भरायचाय, सर,” ती सांगते. “भरला की सांगेन. अंदाजाने नाही सांगणार.”