तेल पाजलेली कँडल

दि. ३ एप्रिल १९८८, रविवार. गुलमंडीवरच्या भांड्यांच्या दुकानात भिकनने शहाऐंशी रुपये पन्नास पैसे मोजले आणि आईसाठी पाण्याचा फिल्टर घेतला. वर एक प्लास्टिकचा डबा, खाली दुसरा, मधे पांढऱ्या मातीची पोकळ कँडल आणि खालच्या डब्याला तोटी. वर ओतलेलं गढूळ पाणी कँडलमधून पाझरून खाली नितळ पडायचं. वीज नको, नळ नको. उचलावा आणि घोड्यावर लादावा.

घोडं आईचं, सुगंधाबाईचं होतं. साठी उलटलेली ही बाई धाकट्या भावाबरोबर, बिरूबरोबर, वैजापूरच्या बाजूला मेंढरं घेऊन हिंडायची. आज या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्या. प्यायला झिऱ्याचं पाणी. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी वर आलं की पदरातून गाळून भरायचं. गेल्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. असलं पाणी पुन्हा पोटात गेलं तर निभाव लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून भिकनने फिल्टर तळावर नेऊन दिला तो अट घालूनच.

“माय, ह्यातलंच पाणी प्यायचं. नाय तर चिकलठाण्याला माझ्या खोलीवर यायचं, कायमचं.”

भिकन चिकलठाण्यात एका कारखान्यावर पहारेकरी होता. खोली दहा बाय दहाची, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. सुगंधाबाई एकदा तिथं राहायला गेली आणि तिसऱ्या दिवशी त्या भिंतीशी भांडून परत आली, असं बिरू सांगायचा.

“पिते की,” ती म्हणाली. “मेंढरांनाबी ह्यातलंच पाजू का?”

“त्यांना कावीळ झाली तर पाज.”

पंधरवड्याने भिकन न सांगता तळावर आला. फिल्टर एका सपाट दगडावर थाटात बसवलेला होता. सुगंधाबाईने लगबगीने तोटी सोडून पेला भरला आणि लेकापुढं धरला. भिकनने तो उजेडात धरला. पाण्यात लोकरीचा एक काळा केस निवांत फिरत होता.

“माय, हे मेंढरू कँडलमधून कसं पाझरलं?”

“बारीक असंल.”

बिरू हसू दाबायला घोड्याआड गेला. भिकनने झाकण काढलं. वरचा डबा काठोकाठ भरलेला, आणि कँडल पिवळी, चकचकीत. त्याने वास घेतला. करडीचं तेल.

“ह्याला तेल कुणी लावलं?”

“मी. मग? नवं खापर तेल पाजल्याबिगर कुणी वापरतंय व्हय? तडकतं ते. चांगलं दोनदा पाजलं, उन्हात वाळवलं.”

नव्या मातीच्या तव्याला आधी तेल पाजायचं, हे तिला सासूने शिकवलं होतं आणि तिचा एकही तवा आजवर तडकला नव्हता. कँडलही तडकली नव्हती. फक्त तिची सगळी बारीक छिद्रं बुजली होती. थेंब पडेना, तेव्हा बाईने खालच्या डब्यात झिऱ्याचं पाणी परस्पर ओतायला सुरुवात केली.

“मला सांगायचं नाय?”

“सांगितलं असतं तर नेलं असतंस.”

“आता नेतोच. बोचकं बांध.”

सुगंधाबाईने मेंढरांकडं पाहिलं. मेंढरं बिरूवर सोपवून तिने बोचकं बांधलं. एसटीत ती फिल्टर मांडीवर घेऊन बसली.

गुलमंडीवरून भिकनने नवी कँडल आणली, चौदा रुपयांची. “लोकर विकली की देते,” ती म्हणाली. खोलीवरच्या नळाचं पाणी वर ओतलं आणि दूध राखावं तशी ती फिल्टरसमोर ठाण मांडून बसली. दोन दिवसांनी तिने झाकण उचललं. पांढऱ्याफेक कँडलवर तपकिरी चिखलाचा थर बसला होता.

“भिकन्या, इकडं ये! आमच्या वढ्याला नावं ठेवतोस? तुझ्या घरमालकानं टाकीत मेंढरं धुतली का काय?”

भिकन बघतच राहिला. हेच पाणी तो चार वर्षं बिनघोर पीत आला होता.

“हितं राहिले तरी फिल्टर लागतोच,” ती म्हणाली. “मग फिल्टर घेऊन मी तिकडंच बरी. तुला दुसरा घे. तुलाच गरज लई हाय.”

“पुन्हा तेल?”

“नाय. मेंढरांची आण.”

ही आण ती मोडणार नाही, हे भिकनला ठाऊक होतं. त्याने तिच्यादेखत ब्रशने कँडल घासून दाखवली आणि संध्याकाळी स्वतः तिला वैजापूरच्या गाडीत बसवलं. त्या उन्हाळ्यात ती झिऱ्याचं पाणी फिल्टरमधूनच प्यायली; कावीळ फिरकली नाही. रानात कुणी शेतकरी पाणी मागायला आला की ती पेला भरता भरता विचारायची, “झिऱ्याचं हाय बरं का. चिकलठाण्याचं नाय, भिऊ नगंस.”

दिवाळीनंतर लोकर विकली गेली. कँडलचे चौदा रुपये भिकनला अजून मिळालेले नाहीत.