सदू पारधी आणि डिझेलचा काटा

सदू पारधीच्या पिकअपमधला डिझेलचा काटा खोटारडा होता, आणि सदूला त्याचा केवढा अभिमान! लोक पोराच्या मार्कांचं कौतुक सांगतात, हा काट्याच्या खोटेपणाचं सांगायचा. टाकी गळ्यापर्यंत भरा, काटा पाऊणच्या वर चढायचा नाही. आणि लाल पट्टीवर आडवा पडला की दुसरा कुणी पंप शोधत सुटला असता. सदू मात्र आरामात बिडी पेटवायचा. "आता कुटं? आजून कर्जतला जाऊन येईल ती." आणि जायची हो, यायचीसुद्धा. "खोटं बोलतो," सदू म्हणायचा, "पन रोज तेच खोटं बोलतो. मानसाचं तसं हाय का?"

खालच्या गावातल्या विकासनं नवी पिकअप घेतली. तिच्या पडद्यावर अजून किती किलोमीटर जाईल त्याचा आकडा येतो. विकासनं मोठ्या हौसेनं सदूला शेजारी बसवून आंबेमाळवाडीचा चढ दाखवला. पायथ्याला आकडा होता दोनशेच्या घरात, दुसऱ्या वळणाला तो सत्तरवर आला आणि विकासचा चेहरा पडला. सदू हसून हसून बेजार. महिनाभर त्यानं तो किस्सा भिवपुरीपासून कर्जतपर्यंत भेटेल त्याला ऐकवला. यंत्राला काय कळतंय चढ म्हंजे काय, असं त्याचं म्हणणं.

ठाकरांच्या आंबेमाळवाडीत पहिली गाडी आणली ती सदूनंच. रेतीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून घासला, मालकाच्या शिव्या खात स्टेअरिंग शिकला आणि एक दिवस ही जुनाट पिकअप घेऊन वाडीत चढला. तेव्हापासून करवंदांच्या पाट्या, फणस, सिमेंट, नवरदेव, बाळंतीण, जे काही खाली गेलं आणि वर आलं ते सदूच्या हौद्यातून. माणूस कष्टाळू, निर्मळ मनाचा, अडल्यानडल्याला कधी नाही न म्हणणारा. खोडी दोनच. रिकामी गाडी वर न्यायची नाही, ही एक. आणि दुसरी, कुणाला काही विचारायचं नाही. सगळं आपल्यालाच ठाऊक! विचारायचं नाही आणि कुणी आपण होऊन सांगितलं तर ऐकायचंही नाही. समोरचा बोलतोय तोवर "हं, हं" करायचं आणि मनात पुढच्या खेपेचा हिशेब मांडायचा.

त्याच्या बायकोला, छायाला, या "हं"ची चांगली ओळख होती. लग्नाला वीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ती त्या "हं"शी संसार करत होती.

वाडीचा रस्ता म्हणजे छातीवर येणारा चढ. त्यात पिकअपचा हँडब्रेक नावालाच. म्हणून चढावर कुठं थांबायचं तर त्यांची एक ठरलेली पद्धत होती. सदू ब्रेक दाबून ओरडायचा, "छाया, दगड!" आणि गाडी पुरती थांबायच्या आत छाया डावीकडून खाली. तिच्या पायाशी केबिनमध्ये एक तिकोनी काळा दगड कायम असायचा, तो मागच्या चाकाला लागायचा, ती "सोड" म्हणायची आणि सदू ब्रेक सोडायचा. वाडीतली माणसं चेष्टा करायची, सदूच्या गाडीचा हँडब्रेक म्हंजे छाया. ती पण हसायची.

ती छाया वैशाखाच्या तोंडावर मोळी घेऊन उतरताना घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. कर्जतच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं, दीड महिना हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. भार पडला आणि रॉड हलला, तर आयुष्यभर लंगडावं लागेल. सदूनं मान डोलावली. हे मात्र त्यानं नीट ऐकलं होतं.

तिला घरी न्यायला तो दुपारी पिकअप घेऊन आला, आणि हौद्यात विटा! वाडीतल्या धाऊच्या घरकुलाच्या विटा, भट्टीवरून भरून आणलेल्या. छायानं केबिनमध्ये बसता बसता मागं बघितलं.

"आजच्या दिवस तरी रिकामी आनायचीस रं."

"रस्त्यातच भट्टी होती," सदू म्हणाला. तिचा पाय त्यानं इतक्या हळुवार उचलून आत ठेवला, खाली गोधडीची घडी दिली, की ती पुढं काही बोलली नाही. वॉकर मागं विटांवर बांधला.

नाक्यावर पंप आला. काटा लाल पट्टीला टेकला होता. छाया म्हणाली, "डिझेल टाक." पंपावर चार गाड्या उभ्या होत्या, ऊन मरणाचं, आणि ती ओठ चावून बसलेली त्याला दिसत होती. "लागत नाय," म्हणून त्यानं गाडी पुढं काढली. त्याच्या हिशेबानं त्या काट्यावर वाडी गाठून परत भिवपुरीला येण्याइतकं डिझेल होतं. एवढी वर्षं होतंच ना!

भिवपुरीची वसाहत मागं पडली, रस्ता डोंगराला लागला. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाच्या आधी एक मोरी लागते, बिनकठड्याची, दोन्ही अंगांना ओढ्याची घळ. मोरी ओलांडून गाडी चढाच्या अगदी तोंडावर आली आणि इंजिननं दोन गचके दिले. सदूनं गिअर बदलला. तिसऱ्या गचक्याला ते बंदच पडलं. गाडी मागं सरकायला लागली.

"छाया, दगड!"

तोंडातून निघून गेलं. आणि छायाचा हात दाराच्या कडीवर गेलासुद्धा, अर्धी वळली ती. मग दोघं एकदमच भानावर आली.

"उतरू नको! बस!" सदू किंचाळला. दोन्ही पाय त्यानं ब्रेकवर रोवले होते. इंजिन बंद, त्यामुळं ब्रेक दगडासारखा कडक झालेला. सगळं अंग टाकून दाबावं तेव्हा कुठं धरत होता. हँडब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. गिअरमध्ये टाकून पाय जरा सैल करून बघितला, तर जीर्ण इंजिन विटांच्या भारानं गच्, गच् करत मागं फिरायला लागलं. त्यानं पुन्हा पाय रोवले. मागं मोरी होती. ती त्याला आरशात दिसत होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काहीच दिसत नव्हतं.

"काय झालं?" छायानं विचारलं.

"डिझेल संपलं वाटतं. पन कसं संपंल? काटा आत्ता तर लालवर आलता."

छाया त्याच्याकडं बघत राहिली. "सदू, किरणनं काटा नीट केलाय."

किरण म्हणजे छायाचा धाकटा भाऊ. कर्जतला गॅरेजात कामाला. छाया दवाखान्यात असताना दोन दिवस गाडी त्याच्याकडं होती. दाजींचं काम आपण होऊन करावं म्हणून त्या गुणी पोरानं टाकीतला, डिझेलवर तरंगून काटा हलवणारा सडका फ्लोट काढून नवा बसवला होता. काटा आता खरं सांगत होता. लाल म्हणजे लाल. तळाला होतं तेवढं थोडं डिझेल चढाला टाकीच्या मागच्या कोपऱ्यात गेलं आणि पाइपानं हवा ओढली.

"मला कोन बोललंच नाय!"

"मी बोलली. परवा. तू खाटंशी बसलावता, डबा खात. मी बोलली, किरणनं काटा दुरुस्त केला, आता ध्यान ठेव. तू हं म्हनलास."

सदूला डबा आठवत होता. डब्यातली भाजीसुद्धा आठवत होती. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तो पाठ सीटवर रेटत होता.

"फोन लाव," तो म्हणाला. तिनं फोन काढला, खिडकीबाहेर धरला. त्या वळणाला कधी रेंज आलीय?

"हॉर्न वाजवतो."

त्यानं कोपरानं हॉर्न दाबला. लांबलचक, परत परत दाबला. वर वाडीत तो ऐकू जात होता यात शंकाच नाही. पण रोज याच वळणावर सदू हॉर्न वाजवायचा, आलो म्हणून सांगायला. वाडी म्हणाली असेल, आला सदू, छायाला घेऊन आला. कुणी अंथरूण झटकलं असेल, कुणी चहाला आधण ठेवलं असेल. खाली कशाला कोण येतंय?

आणि येणारं तरी कोण होतं? तरणीताठी सगळी कामावर, काही माथेरानला हॉटेलांत, काही खाली फार्महाऊसवर. ती परतणार दिवस कलल्यावर. ऊन टपावर तापत होतं, केबिनमध्ये श्वास कोंडत होता. एकाला पाय उचलता येत नाही आणि दुसरीला पाय टेकवता येत नाही! हात लांबवला तर एकमेकांना लागेल एवढ्या जागेत नवराबायको अडकून पडली होती.

"मला ठमीकडं जायचं होतं," छाया एकदम म्हणाली.

ठमी त्यांची लेक, लोधिवलीला दिलेली. सपाटीवरचं घर, दारापर्यंत डांबरी, अंगणात नळ.

"ती बोललीवती, आये, दीड महिना हितंच ऱ्हा. मी तुला सांगनार होती. पन तू विटा भरूनच आलास. मंग काय सांगू?"

"सांगायचंस की!"

"कुनाला?" ती म्हणाली. रागानं नाही, साधंच विचारलं तिनं.

त्याचा उजवा पाय थरथरायला लागला होता. आधी पोटरी, मग गुडघा, मग मांडी. त्यानं डाव्यावर भार घेतला, तर तोही थरथरू लागला. ब्रेक केसभर वर आला आणि गाडी गचकन मागं सरकली. मागं वॉकर विटांवर खडखडला. छायानं डॅशबोर्ड धरला.

"किती येळ धरशील?"

"धरतो. तू गप बस. ऐक माझं, तू हलू नको."

"तुझे पाय बघ."

"छाया, तुला आन हाय माझी! डॉक्टरीण काय बोलली? पाय जाईल तुझा!"

"आनि गाडी गेली तर दोघं जाऊ," ती म्हणाली. "पाय कुटं ठेवू मंग?"

तिनं दार उघडलं. सदू ओरडत राहिला, शिव्या दिल्या, हात जोडायला गेला तर स्टेअरिंग सुटायला लागलं, परत धरलं. तिला धरायला हात लांबवावा तर पायातलं बळ कमी होत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस असा बसला होता, की त्याच्या हातात काही नव्हतं. नुसतं बघायचं. तिनं तिकोनी दगड आधी खाली टाकला. मग बऱ्या पायावर वजन घेत, दाराला लोंबकळत उतरली. रस्त्यावर बसली. आणि बसल्या बसल्या, हातांवर सरकत, दगड पुढं ढकलत मागच्या चाकाकडं गेली. डावीकडच्या आरशात त्याला तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसला, मग तोही दिसेना.

"छाया!"

दगड रस्त्यावर घासल्याचा आवाज. मग एक वेगळाच आवाज आला, तिच्या तोंडातून. कळ आतल्या आत गिळताना येतो तसा. सदूला रडूच फुटलं.

"छाया, काय झालं गं?"

मागून तिचा आवाज आला. "सोड."

"लागला का नीट?"

"सोड म्हनलं ना."

त्यानं डोळे मिटले आणि पाय सोडले. गाडी दोन बोटं मागं बसली, दगड करकरला आणि सगळं थांबलं.

खाली उतरायला गेला तर पायच नव्हते त्याला. दार धरून घसरतच रस्त्यावर आला आणि तसाच रांगत मागं गेला. छाया चाकाला टेकून बसली होती. तोंड राखेच्या रंगाचं. दगड सरकून नीट बसेना, हातानं दाबला तरी बसेना, तेव्हा टाचेनं ठोकावा लागला होता. बऱ्या पायाची टाच तिथवर पोचत नव्हती.

"पाय?" त्यानं विचारलं.

"आत कट्कन वाजलं. कायतरी हललं." तिनं मांडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. "हात नको लावू. गेला बहुतेक."

सदू तिच्याजवळ रस्त्यावर बसून राहिला. ऊन भाजत होतं ते त्याला कळत नव्हतं. उचलून न्यावं तर हाड हलेल, गाडी चालू होणार नाही, सोडून जावं तर ती एकटी. एरवी त्याच्यापाशी लगेच काही ना काही तयार असायचं. आज डोकं नुसतं रिकामं.

"छाया," तो म्हणाला, "काय करू आता? तू सांग."

तिनं मान फिरवून त्याच्याकडं बघितलं. इतक्या कळांत तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"वीस वरसांत आज इचारलंस रं," ती म्हणाली. "मला उठता येत नाय तवा."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"वर जा. म्हातारी-कोतारी असतील ती चार मानसं घे, झोळी घे. मला वर नको, खाली न्या, दवाखान्यात. आनि तितून मी ठमीकडं जानार. आनि पळू नको. पाय थरथरतात तुझे, पडलास तर मंग कोन हाय?"

पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवून सदू उठला. एका दमात धावत सुटावं असं त्याला वाटत होतं, जीव नुसता वर धावत होता. पण तिनं सांगितलं होतं. तो चालत गेला, एकेक पाऊल जपून टाकत, आणि सगळा चढ रडत चढला.