कारागिराच्या नावाची मूठ

माझ्या प्रबंधाच्या नावात ‘अवैध’ हा शब्द असावा, असा सरांचा हट्ट आहे. धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात, त्यांच्या केबिनमध्ये, यावरून आमचं अधूनमधून चांगलंच वाजतं. विषय तसा साधा आहे: जळगावात पोटासाठी आलेले परप्रांतीय कामगार आणि त्यांची पोलिसांकडून होणारी कागदांची तपासणी. सर म्हणतात, ‘अवैध स्थलांतर’ म्हटलं की लोक वाचतात. मी म्हणते, सर, मला भेटलेल्यांपैकी अवैध कोण, ते तरी दाखवा. मग ते चहा मागवतात. मला त्या चहाचासुद्धा राग येतो.

आमच्या जळगावच्या घरी मागच्या खोलीत एक बंगाली कारागीर राहतो. सराफ बाजारात मंगळसूत्राच्या वाट्या जोडतो. त्याचं गाव बंगालमध्ये, सीमेच्या अलीकडे, म्हणजे भारतातच. हे ‘म्हणजे भारतातच’ त्याला दर वेळी जोडावं लागतं. माझा सख्खा भाऊ परदेशात नोकरीला आहे. तिथे कुणी कागद मागितले की तो फोनवर तासभर चिडतो. कारागीर चिडत नाही. कागद काढून दाखवतो आणि पुन्हा कामाला बसतो.

माझ्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणते. ती टायफॉइडने आजारी पडली तेव्हा मी धुळ्यात होते. याच कारागिराने तिला दवाखान्यात नेलं आणि बरी होईपर्यंत उशाशी बसला. त्यानंतरच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, आम्हा खान्देशी लोकांची देवी, बसली. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. माझ्या नावाची मूठ आजवर निघालेली नाही, पण ते भांडण वेगळं. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आईने भावाच्या नावाची मूठ घेतली आणि पाठोपाठ कारागिराच्या नावाची. चुलत्यांनी नाकं मुरडली. ‘हाऊ बी आमनाच शे,’ आई म्हणाली आणि विषय संपला.

गेल्या वर्षी कानबाईच्या विसर्जनानंतर दुसऱ्याच दिवशी दारात पोलीस आले. मी धुळ्यात चर्चासत्राला होते आणि विषय होता, हसू नका, कागदांची तपासणी. मागे भाडेकरू कोण आहे, असं पोलिसांनी विचारलं. कारागिराची ओळखपत्रं, भाडेकरार, सगळं फडताळात तयार होतं. दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. पण आईने पदर खोचला.

‘कशाना भाडेकरू? तो आमना घरना पोऱ्या शे.’

ती खोटं बोलत नव्हती. रोट खाल्लेल्या माणसाला भाडेकरू म्हणणं तिला पाप वाटलं असतं. पोलिसांनी आडनाव विचारलं. कारागिराने आपलं खरं, बंगाली आडनाव सांगितलं. मग कागद पुढे केले, तर संशय उलट वाढलाच. त्याला गाडीत बसवून घेऊन गेले.

कळल्याबरोबर मी धुळ्याहून धावतपळत चौकीत पोचले. तिथले अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या आईच लपवाछपवी करतात, मग हे कागद खरे कशावरून? सीमेपलीकडून आलेले असाच घरोबा करून राहतात.’ मी त्यांना कानबाई समजावू लागले. सव्वा मूठ, रोट, भाऊबंद. ते शिपायाकडे बघून हसले. त्याच्या गावाहून खात्री येईपर्यंत तो इथेच राहील, म्हणाले. नागरिकत्व कुणी सिद्ध करायचं यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं आहे. त्यातलं एक वाक्य तिथे कामाला आलं नाही.

पौर्णिमा जवळ आली तशी आई रोटांचा डबा घेऊन चौकीत हजर. आत काय आहे, शिपायाने विचारलं.

‘रोट शेतस. फक्त भाऊबंदस्नी खावाना. तुले देता येवाव नही, भाऊ.’

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि भर रस्त्यात ओरडले, ‘आई, गप्प बस ना एकदाची! तुझ्या या आपलेपणानेच तो आत बसलाय!’ ती डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली.

खात्री आली तेव्हा पौर्णिमा उलटून गेली होती. त्याला सोडलं, तेही उपकार केल्यासारखं. माफी वगैरे सोडाच. घरी आल्यावर त्याने अंघोळ केली, जेवला आणि आईसमोर हात जोडून म्हणाला, ‘अक्का, पुन्हा कुणी आलं तर भाडेकरूच सांगा. घरचा नका म्हणू. फार त्रास होतो.’

सरांना हे सगळं सांगितलं. ‘उत्तम उदाहरण आहे,’ ते म्हणाले, ‘पण एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही. परिशिष्टात घाल.’ आणि चहा मागवला.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा तपासणी निघाली. या वेळी मी घरी होते. मागे कोण राहतं, पोलिसाने विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

‘भाडेकरू शे. बंगालना.’

कागद बघितले, पोलीस निघून गेला. इतकं सोपं होतं. कारागीर मागच्या दारात उभा होता. ‘बरोबर सांगितलं, अक्का,’ असं म्हणून तो कामावर गेला. आईने कागद परत फडताळात ठेवले.

मग श्रावण आला. आई सूप घेऊन गव्हाला बसली. चुलत्यांच्या मुठी झाल्या, भावाची झाली. मग तिचा हात गव्हातच थांबला. जणू दारात पोलीस उभा आहे आणि त्याला ऐकू जाऊ नये, इतक्या हळू तिने मला विचारलं, ‘त्याना नावनी मूठ लेऊ का?’

‘घे ना,’ मी म्हणाले, पण माझा आवाज चढला होता. चुलत्यांनाही जिने कधी विचारलं नव्हतं, तिला आता स्वतःच्या घरात हे विचारावं लागत होतं. हे मी कुठल्या परिशिष्टात घालू?