हौसाबाईंचा नकार

आमच्या सोसायटीत भरदिवसा काळे पडदे ओढलेलं एकच घर होतं, हौसाबाई घाडग्यांचं. नोएडात मेट्रो अजून यायची होती, पण भिंतीएवढ्या काचांचं खूळ आलं होतं. बिल्डर ऐटीत सांगायचा, "मॅडम, इतना सनलाइट और कहीं नहीं मिलेगा." हौसाबाईंनी राहायला येताच त्या काचांना काळा कागद चिकटवला आणि वर काळे पडदे ओढले. त्यांच्या लेकीला, देवयानीला, ऊन सोसत नव्हतं. थोड्याशा उन्हानेही कातडी भाजायची, डाग उठायचे. नाकावरची एक गाठ तर कापून काढावी लागली होती.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. उन्हाने प्रत्येकाच्या कातडीतला डीएनए बिघडतो आणि शरीर तो दुरुस्त करतं. त्या कामाच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक धड असली तरी भागतं. देवयानीच्या दोन्ही बिघडलेल्या. "आप दोनों रिश्तेदार हैं क्या?" डॉक्टरांनी विचारलं. होतेच. हौसाबाईंचे यजमान धोंडीराम घाडगे हे त्यांच्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव.

शेजारच्या चड्ढाबाईंनी कानांवर हात ठेवले. "आपके यहाँ भाई-बहन में शादी होती है?"

"होती है," हौसाबाई म्हणाल्या. "मेरे घर में अब नहीं होगी."

चड्ढाबाईंना सुनावणं सोपं होतं. पण दिवाळीनंतर साताऱ्याहून भाऊ खंडेराव नारळ घेऊन आला. त्याला आपली मुलगी अलका हौसाबाईंच्या थोरल्याला, पृथ्वीराजला, द्यायची होती. मी तेव्हा तिथेच चहा घेत होते.

"मामाची पोरगी त्याच्या हक्काची, हौसे. लहानपणीच ठरलंय."

"दादा, ते बिघडलेलं जनुक आपल्या घराण्यातलं आहे. पृथ्वीत असेल, अलकातही असेल. मग पुन्हा देवयानीसारखं लेकरू होऊ शकतं."

"होईलच असं नाही ना?"

"नाही. पण लेकराच्या जिवावर जुगार मी खेळणार नाही."

धोंडीराम फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पण आत्ता चहाच्या कपात बघत बसले. मला त्यांचा संताप आला.

"मग माहेर विसर," खंडेराव म्हणाला.

"विसरते." हौसाबाई मागे हटल्या नाहीत. अलका म्हणजे त्यांचा जीव की प्राण, हे मला ठाऊक होतं.

मग खंडेरावच खचला. "गावाला काय सांगू? सख्ख्या आत्याने नाकारलेली पोर कोण करेल? तुझं ते जनुक सांगितलं, तर रक्तातच खोट आहे म्हणतील."

"सांग, आत्या माजली. दिल्लीकडे फ्लॅट घेतला आणि भावाची पोर नकोशी झाली. अलकावर काही येऊ देऊ नकोस."

त्याने गावभर तसंच सांगितलं. पुढच्या वैशाखात अलकाचं लग्न चांगल्या घरी झालं. पत्रिका सगळ्या भावकीला गेली, हौसाबाईंना नाही. त्या दिवशी त्यांनी नवी साडी नेसून सोसायटीत दारोदार पेढे वाटले. चड्ढाबाईंनी कारण विचारलं.

"आज मेरी भतीजी की शादी है," हौसाबाई म्हणाल्या, आणि पुढच्या दाराची बेल दाबली.